न केलेल्या खुनाची कबुली

“कोणी मानणार नाई, पण या बाईनं मले अठ्ठेचाळीस वेळा कुऱ्हाडीनं मारलं,” श्रीहरी म्हणाला. “सत्तेचाळीस वेळा मी उठून जेवाले गेलो. अठ्ठेचाळीसाव्या वेळी जो मोबाईलमधी मेलो, तो अजून जिता झालो नाई.”

मोहर्लीच्या मंडई कमिटीच्या चौघांनी चहाचे कप खाली ठेवले.

शेजारच्या खुर्चीत सुकरीबाई बसली होती. नाटक मंडळी तिची, आणि यंदा मोहर्लीच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, कोणाचं नाटक बोलवायचं हे आज ठरणार होतं. कमिटीचा म्होरक्या आदेश ताडोब्यात पर्यटकांची जिप्सी चालवायचा; माणूस सरळ. त्यानं आल्याआल्याच विचारलं होतं, “बाई, तुमचा चॅनेल कुठी गेला? लोक म्हणून राह्यले, खुनाचा व्हिडिओ टाकला म्हणून बंद झाला.” बाई तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीहरीनं गोष्ट आपल्या हातात घेतली. त्यानं एकदा घेतली की ती सोडवणं म्हणजे अस्वलाच्या तोंडातून मोहफूल काढणं.

तशी हकीकत खरीच होती. तिसऱ्या अंकात आई आपल्या वाईट मुलाला मारते. आई सुकरीबाई, वय एकसष्ट. मुलगा श्रीहरी, वय चौसष्ट. झाडीपट्टीत याचं कोणाला काही वाटत नाही. कुऱ्हाड सागाच्या फळीची, वर चंदेरी कागद. रक्त कुंकवाच्या पाण्याचं. घाव बसल्यावर श्रीहरी आधी एक आख्खं गाणं म्हणतो, मग मरतो. आणि लोकांनी ‘वन्समोर’ केला, तर उठतो, कपडे झटकतो, पुन्हा घाव खातो, पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. असाच एक प्रयोग वन्समोरसकट चॅनेलवर गेला, आणि तिथं व्हिडिओ तपासणाऱ्या मशीनला तो खरा खून वाटला.

“म्हणजे मशीननं दोन खून मोजले?” आदेशनं विचारलं.

“एकाच माणसाचे दोन! असा गुन्हेगार त्यानं बी पह्यल्यांदाच पाह्यला असंल.”

चौघं हसले. सुकरीबाई हसली नाही. मंडळीतली स्वाती चॅनेल सांभाळायची. तिनं फेरतपासणीचा अर्ज टाकला, तर चार सेकंदांत उत्तर आलं: आम्ही काळजीपूर्वक पाहिलं, निर्णय कायम. पाच तासांचं नाटक चार सेकंदांत पाहणारा प्रेक्षक झाडीत अजून जन्मायचा होता. मग स्वातीनं आपल्या खात्यावरून श्रीहरीचा व्हिडिओ टाकला; त्या दिवसाचा पेपर छातीशी धरून तो सांगत होता, मी जिवंत आहे, आज सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या. तो व्हिडिओही काढून टाकला. कारण दिलं, मृताची थट्टा. हे सगळं शब्दन् शब्द खरं होतं, आणि कमिटीला नेमक्या याच थापा वाटत होत्या.

“मंग बटन आलं,” श्रीहरी म्हणाला.

बटनाचं नाव निघताच बाईनं पदर आवळला. त्यावर लिहिलं होतं, ‘मी नियम मोडला, हे मला मान्य आहे.’ ते दाबायचं, दहा मिनिटांचा धडा पाहायचा, की चॅनेल परत. महिन्याभरात नाही दाबलं, तर सहा वर्षांची सगळी नाटकं कायमची पुसणार. त्याच नाटकांतून गावं आपापली निवड करायची. स्वातीनं हात जोडले होते, “दाबून टाका ना सुकरीबाई. कोणाले दिसते?”

“मले दिसते ना, पोरी. केलाच नाई तो खून कबूल काऊन करू?”

आणि तिनं ते प्रकरण आपल्या गावच्या ग्रामसभेत नेलं.

“आमच्या गावात कोणी बांबू चोरला तरी आधी त्याले उभं करते,” श्रीहरी आता उभा राहून सांगत होता, “विचारते, का म्हणणं हाय तुह्यं? समोरच्याचं ऐकल्याबिगर ठराव होत नाई. म्हणून बाईनं मोबाईल खुर्चीवर ठेवला अन् तीन हाका मारल्या. कोणी पाह्यलं? किती वेळ पाह्यलं? कोणता नियम मोडला? सांग म्हणे.”

“मंग? बोलला?”

“थरथरला! सारे पुढं झुकले. तर त्यावर लिहून आलं, आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.”

हेही खरं होतं. इतिवृत्तात तशी नोंदच होती: ‘समोरचा पक्ष हजर, प्रश्नांना उत्तर नाही. मयत हजर, दोनदा खोकला.’ खून झालेला नाही, असा ठराव एकमतानं झाला. एकशे बारा सह्या होत्या. श्रीहरीनं अकराशे सांगितल्या. बाईनं ते सोडून दिलं. त्यात मंडळीच्या नावाला बट्टा नव्हता.

“ठराव धाडला,” श्रीहरीनं आवाज खाली आणला, “अन् काल सकाळी मोबाईल आपसूक पेटला. आतून मशीन बोललं. आपल्या झाडी बोलीत! ‘सुकरीबाई, चुकलं माह्यं. मी पुरं पाह्यलंच नोयतं. आता पुरं पाह्यलं, वन्समोरसकट. रडलो. सोमवारी चॅनेल परत देतो. जमलं त एखादा रोल बी द्या.’”

“वा गा वा!” आदेशनं मांडी थोपटली. “म्हणजे मिटलं. त्यायनंच चूक कबूल केली म्हटल्यावर गाव का बोलते? लिहू का मंग, बाई? मंडईतलं दुसऱ्या दिवशीचं नाटक तुमचं.”

पेन वहीला टेकलं. श्रीहरी बाईकडे पाहून भुवया उडवत होता: आता फक्त गप्प राहा. गप्प राहणं सोपं होतं. पण मग गोष्टीतलं मशीन ऐकून घेणारं ठरत होतं. चार सेकंदांत निकाल देऊन, वर तारे मागणारं मशीन. त्याला इथं, कमिटीसमोर, फुकटात भलेपणा मिळत होता.

सुकरीबाईनं वहीवर हात ठेवला.

“थांब गा आदेश. खोटं बोलून राह्यला हा! मशीन बोललं नाई, रडलं नाई, माफी त कोणीच मागितली नाई. आमचं कोणी ऐकलंच नाई. उद्या सांजेला सहा वर्षं पुसणार हायेत. बटन हे इथी, माह्या मोबाईलमधी हाय. मी दाबलं नाई, अन् दाबणार बी नाई. आता आमचं नाव लिहायचं त हे ऐकून लिही!”