अंगठेबहाद्दर

आमची जुनी छोटी गाडी उभ्या जागी पिसाळायची. पाय न लावता रेस वाढायची, लगेच पडायची, पुन्हा वाढायची. दादाने प्लग बदलले, सेन्सर बदलला, तरी तेच.

"कुठून तरी हवा खातेय ती. फुसफुस ऐकू येतेय," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"तू अंगठेबहाद्दर! तुला इंजिनातलं काय कळतंय?" तो खेकसला.

माझं डोकंच फिरलं. याचं कॉलेज व्हावं म्हणून माझी शाळा सुटली होती! उघड्या बॉनेटमध्ये हात घालून मी चिरलेल्या रबरी नळीवर अंगठा दाबून धरला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

"बघ!" दादाने छाती फुगवली. "नवा सेन्सर लागू पडला."

मी अंगठा उचलला.