अर्धी गोष्ट ऐकलेली पाटी

मी एक पाटी आहे. बुधवार पेठेतील एका बोळात जे जुने सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या मुख्य दालनात, दाराच्या समोरच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर दोनच शब्द लिहिलेले आहेत: ‘शांतता राखा’. या शहरात पाट्यांना एक स्वतंत्र मान आहे. समोरच्या घराच्या फाटकावरील पाटी तर ‘दुपारी घंटा वाजवू नये, वाजवल्यास उत्तराची अपेक्षा ठेवू नये’ असे येणाऱ्याला बजावते. तिच्या मानाने मी मितभाषी. तरीही जेवढी हानी माझ्या दोन शब्दांनी केली, तेवढी तिच्या दोन वाक्यांनी केली नसावी.

प्रारंभीच एक खुलासा करते. मला वाचता येत नाही. अक्षरे माझ्यावर आहेत, माझ्यात नाहीत. लोक मला वाचतात, आणि मला जे काही कळते ते ऐकून कळते. माझ्या वैतागाचे मूळ या एका गोष्टीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

माझा जन्म गोंगाटातून झाला. त्या काळी सकाळी दार उघडताच वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाभोवती माणसे दाटीने बसत. अंक एक आणि वाचक दहा, म्हणून एकजण अग्रलेख मोठ्याने वाची आणि उरलेले त्याला उत्तरे देत, जणू संपादक समोरच बसलेला आहे. एकदा हा संवाद छत्र्यांपर्यंत गेला. तेव्हाच्या कार्यवाहांनी संभाजी पेंटरला बोलावून घेतले.

“साहेब, कुणासाठी लिहू? वाचणाऱ्यांसाठी का भांडणाऱ्यांसाठी?” ब्रश पुसत संभाजीने विचारले.

“आमच्याकडे ते दोघे एकच आहेत. लिही,” कार्यवाह म्हणाले.

मला भिंतीवर चढवले त्या दिवशी टेबलावर पहिला वाद झाला तो ‘राखा’ हे क्रियापद आज्ञार्थी आहे की विनंतीवजा, यावर. पुढे कित्येक वर्षे माझे कोणी ऐकले नाही. माझ्या आयुष्यातील सुखाची वर्षे तीच.

या दालनात लोकपरंपरेवर अनेक व्याख्याने झाली. अध्यक्ष, वक्ते आणि आभार मानणारे वगळले तर श्रोत्यांत मीच नियमित. त्या ऐकण्यातून माझे एक मत बनले आहे. आपल्याकडे वाचन हा मुळात डोळ्यांचा नव्हे, तर कानांचा व्यवहार होता. पोथी एकजण वाची आणि अवघी आळी ऐके. ज्याला अक्षर येत नसे, तोही त्या वाचनात वाटेकरी असे, कारण हुंकार द्यायचे काम त्याच्याकडे असे. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचे. ते न म्हटल्यास गोष्ट पुढे सरकत नाही, हा घरोघरचा नियम. हुंकार म्हणजे होकार नव्हे. ‘मी येथपर्यंत तुझ्याबरोबर आलो आहे, आता पुढे चल,’ एवढेच तो सांगतो. वाचनालये निघाली तेव्हा आपण पुस्तके आत आणली, आणि हा ‘हं’ मात्र पादत्राणांसोबत बाहेर काढून ठेवायला लावला. त्या कामी माझी नेमणूक झाली.

अखेरीस शांतता आली. ती माझ्या आज्ञेने आली नाही. बोलणारी माणसेच यायची थांबली. बातम्या खिशातल्या फोनवर आल्या, लांब टेबल विकले गेले, आणि त्या जागी प्लायवूडच्या आडोशांनी विभागलेली अभ्यासिका उभी राहिली. आता येथे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी बसतात; विदर्भातले, मराठवाड्यातले, घरापासून फार दूर आलेले. त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर पुस्तकांची कपाटे उभी असतात आणि खुर्ची मागे सरकवताना धक्का लागण्यापलीकडे त्यांचा त्या कपाटांशी संबंध येत नाही. येथे सगळे सतत वाचत असतात आणि कपाटांतले एकही पुस्तक उघडले जात नाही. पूर्ण शांतता असते. माझे अगदी तंतोतंत पालन होते, आणि ते मला असह्य होते.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी दुपारी यमुनाबाई आत आल्या. मंदिराच्या रस्त्यावर त्या गजरे विकतात. पाणी प्यायला आल्या आणि पंख्याखाली जरा टेकल्या. आमच्या ग्रंथपाल शर्मिलाताई कपाट उघडून पुस्तकांवरची धूळ पुसत होत्या.

“एवढी जाड जाड बुकं. आत असतं तरी काय गं?” यमुनाबाईंनी विचारले.

“यात गोष्टी आहेत, आजी. लोकांनी सांगितलेल्या, गोळा केलेल्या.”

“मग सांग की एखादी. नुसती पुसत काय बसलीस?”

शर्मिलाताई हसल्या, हातातले पुस्तक त्यांनी उघडले आणि वाचू लागल्या. एका गावातल्या सगळ्या चुली एकाच रात्री विझतात. डोंगरापलीकडे एका म्हातारीच्या चुलीत विस्तव आहे, पण आणायला जाण्याची कोणाची छाती होत नाही. शेवटी एक पोर खापर घेऊन निघते.

“हं,” यमुनाबाई म्हणाल्या.

तो हुंकार ऐकून माझा पत्रा थरारला. कितीतरी वर्षांनी या दालनात कोणी कोणाबरोबर वाचत होते. आवाजाने बोळातली मुले दारात जमली, मग आत आली. पोर विस्तव मिळवते, पदराआड धरून परत निघते, वाऱ्यापासून जपते. “हं,” आता मुलेही म्हणू लागली. पोर नदीशी येते. नदी दुथडी भरलेली, हातात खापर, खापरात निखारे, आणि पलीकडे अंधारात गाव...

“मॅडम, आवाज होऊन राहिला.”

माझ्या अगदी खाली बसणारा वैजनाथ उठून उभा राहिला होता. तो वाशिमकडचा, परीक्षेचे अपयश आणि नवा अर्ज यांच्या चक्रात काही वर्षे अडकलेला.

“शनिवारचा अर्धा तास फक्त, वैजनाथ,” शर्मिलाताई म्हणाल्या.

“माझा पेपर तोंडावर आला, मॅडम. घरून फोन येते, ‘काय करून राहिला रे तिकडं?’ काय सांगू? गोष्टी ऐकून राहिलो?”

त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती अधिक होती. शर्मिलाताईंनी पुस्तक मिटले. विस्तव नदीच्या अलीकडेच राहिला. जाता जाता मुलांनी मात्र पुस्तके मागितली, आणि त्या दिवशी बोळातल्या चार घरांत आमची पुस्तके गेली.

तक्रार कार्यकारी मंडळापुढे आली. सध्याचे कार्यवाह सुदर्शनराव दालनात येऊन माझ्याखाली उभे राहिले.

“शर्मिलाताई, आपण ग्रंथपाल आहात. ही पाटी आपल्याला वाचता येत असावी, असा माझा समज आहे.”

“येते की. पण अहो, वाचनालयात कोणी वाचलं म्हणून तक्रार येते, याचं आपल्याला नवल नाही वाटत?”

“तक्रार आली याचं नवल नाही वाटत. पुण्यात आहोत.”

“मुलांनी पुस्तकं घरी नेली, सुदर्शनराव. मागून नेली.”

सुदर्शनरावांनी मान डोलावली. ते दुष्ट नाहीत; तसे असते तर मला त्यांच्यावर सरळ रागावता आले असते. “उपक्रम स्तुत्य आहे,” ते म्हणाले. “तो चालूच ठेवू. मात्र शांततेत.”

ही चेष्टा नव्हती. सुदर्शनरावांनी खरोखरच त्याच पुस्तकाच्या प्रती पदरमोड करून आणल्या, प्रत्येकाच्या हातात एक. पुढच्या शनिवारी दाराशी सतरंजी अंथरली गेली. मुले बसली, यमुनाबाई बसल्या, आणि ‘सामूहिक वाचन’ सुरू झाले, ज्यात कोणीही तोंड उघडायचे नव्हते. पुस्तकांविषयी मनापासून आदर असलेल्या, शिकलेल्या, शिस्तशीर माणसांनाच असा घोटाळा करता येतो.

यमुनाबाईंनी प्रत आधी कपाळाला लावली, मग मांडीवर घेतली. ती कुठल्या बाजूने धरावी हे त्यांनी शेजारच्या मुलीकडे पाहून ठरवले. मग त्या वाट पाहू लागल्या. मुले चित्रे बघत, पाने भराभर उलटत होती. कोणी पहिल्या पानावर, कोणी थेट शेवटच्या. शेजारच्या मुलीने एक पान उलटले तेव्हा यमुनाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेले, “हं.”

आडोशांमागून कोणी तरी ‘श्श’ केले. सुदर्शनरावांनी काही न बोलता, अत्यंत सभ्यपणे, माझ्याकडे बोट दाखवले.

यमुनाबाईंनी वर पाहिले. त्या मला पाहत होत्या आणि मी त्यांना. दोघींनाही अक्षर येत नव्हते.

“काय लिहिलंय गं तिथं?” त्यांनी मुलीला विचारले.

“गप्प बसा असं लिहिलंय, आजी,” मुलगी कुजबुजली.

“असं होय. मग गोष्ट कुणी सांगायची?”

त्यांनी प्रत सतरंजीवर नीट ठेवली, गजऱ्यांची टोपली उचलली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतरच्या शनिवारी मुलेही मोजकीच आली, आणि मग येईनाशी झाली. ‘पुरेशा प्रतिसादाअभावी उपक्रम स्थगित’ असा निर्णय सुदर्शनरावांनी खिन्नपणे वाचून दाखवला. मोठ्याने वाचला. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

दुसरा निर्णय पाठोपाठ आला. कपाटांनी अडवलेल्या जागेत आणखी आसने बसतील. तेव्हा पुस्तके कात्रजच्या एका गोदामात हलवावीत. शर्मिलाताई भांडल्या. पुस्तके डोळ्यांआड गेली की ती पुन्हा मागणारा कोण, असे त्यांनी विचारले. “आता तरी कोण मागतंय?” असा सुदर्शनरावांचा प्रश्न होता. प्रामाणिक होता, म्हणूनच अधिक बोचला. मागणाऱ्यांना आपण कसे घालवले, हे तेथे मला सांगता आले असते. पण मला दोनच शब्द बोलता येतात, आणि तेही त्यांच्याच बाजूचे.

माझे म्हणणे लांबवत नाही. वाचनाची गोडी लागत नाही म्हणून सभा घेतात, पारितोषिके ठेवतात, पोरांच्या हातातल्या फोनला शिव्या घालतात. मात्र ज्या दालनात वाचन करायचे, तेथे एकाने वाचावे आणि चौघांनी ऐकावे यासाठी एक कोपरा राखून ठेवणे कोणाला सुचत नाही. मागची खोली रिकामी आहे. तिच्यात मोडक्या खुर्च्या आहेत. अभ्यास करणाऱ्यांना शांतता हवी, हे मला मान्य आहे, माझे कामच ते. पण खुर्च्यांना शांतता कशाला हवी?

काल शनिवार होता. कपाटांना सुतळ्या बांधून झाल्या आहेत. उद्या टेम्पो येईल. शर्मिलाताई मागच्या बाजूला खोकी भरत होत्या. दुपारी दार ढकलून यमुनाबाई आत आल्या. माझ्याखाली, नेहमीच्या जागी, वैजनाथच होता.

“का रे बाबा, ती पोर गेली का पलीकडं?” त्यांनी आवाज दाबून विचारले. माझा मान राखून.

“कोण पोर?”

“विस्तववाली.”

वैजनाथने इअरफोनचे कानात राहिलेले दुसरे बोंडही काढले. मला वाटले, आता तो वैतागेल. पण त्याने समोरची वही मिटली. नदीपर्यंतची गोष्ट त्यानेही ऐकली होती. तक्रार करणाऱ्याला सगळे ऐकावेच लागते.

“मलाबी माहीत नाही, आजी,” तो म्हणाला. “तिथंच तर मी थांबवलं होतं.”

तो उठला. कपाटाची सुतळी सैल करून त्याने फटीतून हात घातला आणि बऱ्याच खटपटीने ते पुस्तक ओढून काढले. पाने चाळून नदीचे पान शोधले. वाचण्यासाठी त्याने श्वासही घेतला होता. मी सर्व शक्तीनिशी ऐकत होते.

मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

“इथं नाही वाचता येत. चला आजी, बाहेर पायरीवर बसू.”

दोघे बाहेर गेले. आवाज आत येऊ नये म्हणून दाराला जी स्प्रिंग बसवली आहे, तिने दार सावकाश ओढून घेतले. बाहेर तो वाचत होता. काय वाचत होता ते मला कळले नाही. फटीतून अधूनमधून यमुनाबाईंचे ‘हं’ तेवढे आत येत होते. एकदा तो ‘हं’ घाबरा होता. एकदा फार लांबला. शेवटचा आला तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, हे पत्र्याच्या कानाला ओळखता आले नाही.

वैजनाथने ते पुस्तक कपाटात परत ठेवलेले नाही. ते त्याच्या आडोशात, परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांवर पडून आहे. उद्याच्या टेम्पोत ते बहुधा जाणार नाही. बाकीची जातील.

विस्तव पैलतीरी पोचला की नदीत विझला, हे मला अजून ठाऊक नाही. वाचकहो, आपण या बोळात कधी आलात तर एक कराल का? वैजनाथकडून ते पुस्तक मागून घ्या, माझ्याखाली उभे राहा, आणि नदीपासून पुढे मोठ्याने वाचा. कोणी माझ्याकडे बोट दाखवले तरी थांबू नका. फक्त येताना कोणाला तरी सोबत आणा. हुंकार मला देता येत नाही.