चार जॅकेटं आणि पाण्याची एक ओळ

बाळाचं पोट तिसऱ्या दिवशीही ठिकाणावर नव्हतं, आणि तिचा संशय सासूबाईंवर होता. बाटल्या उकळतात की नुसत्या खळबळून ठेवतात, देव जाणे. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आठवडाभर भांडी आदळली असती. कुरकुर मनातच ठेवून ती कामावर आली.

तिच्या वृत्तवाहिनीला तीस वर्षं होत होती आणि त्या तीस वर्षांची अर्ध्या तासाची फिल्म तिच्या गळ्यात पडली होती. टेपांच्या खोलीत बसून जुन्या बातम्या बघताना तिला मजा वाटे. चार शहरांत चार छोटी केंद्रं, प्रत्येकाचा आपला बातमीदार, आपला निवेदक. एकाच्या मागचा पडदा बातम्या चालू असतानाच कोसळला, तरी गडी वाचतच राहिला होता. मग एकेक केंद्र बंद झालं. आता तिच्या शहरापासून तासाभरावरच्या मुख्य इमारतीत एकच निवेदिका दुपारी दोन ते चार, चार जॅकेटं बदलून चारही शहरांच्या बातम्या वाचून ठेवायची. संध्याकाळी सातला प्रत्येक शहराला वाटायचं, बाई आपल्याच गावात बसल्यात. सासूबाई तर त्या निवेदिकेला 'आपली पोर' म्हणत.

फिल्मच्या शेवटासाठी तिनं आपल्या शहराची गेल्या पंधरवड्यातली बातमीपत्रं लावली. शेवटी नेहमीची ओळ होती: आज शहराचं पाणी तपासलं असून ते पिण्यायोग्य आहे. कधीकाळी घाण पाण्यानं अर्धं गाव आजारी पडलं होतं, तेव्हापासूनची ही प्रथा. तिसऱ्या बातमीपत्राला ती थबकली. बातम्या संपेपर्यंत निवेदिकेचे केस चापूनचोपून बसलेले, आणि पाण्याच्या ओळीला कानामागची एक बट सुटलेली. चौथ्यातही तीच बट. पंधराही दिवस तीच.

संपादकांना सगळे मागून 'दाढी' म्हणत. तिनं त्या बटेचं विचारलं, तसे दाढी हसले. ती ओळ रोज काय वाचायची, एकदाच रेकॉर्ड करून ठेवलीय, रोज शेवटी जोडतो, म्हणाले. पाणी खराब असलं तर पाणीखातं फोन करेलच. दोन वर्षांत एकदाही फोन आला नाही, याचं त्यांना कौतुक होतं. तिला नेमकं तेच खटकलं.

तिनं पाणीखात्यात फोन लावला. तिथल्या कारकुनानं आधी कोण, कशाला, कुणाला विचारून, अशी उलटतपासणी घेतली. मग म्हणाला, "फोन आम्ही कधीच करत नव्हतो हो. तुमचा बातमीदार रोज येऊन फळ्यावरचा तपासणीचा कागद लिहून न्यायचा. तुमचं केंद्र उठलं, तो यायचा थांबला. कागद लागतोच की रोज."

"आज काय लिहिलंय?"

"चार दिवस एकच. उकळून प्या."

तिनं घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, आधी उकळतच होते, पण रोज ती पोर सांगतेय चांगलं आहे, मग कशाला गॅस जाळा? तिला रागवायलाही जमेना. पाणी उकळायला ठेवा आणि यांना सांगून बाळाला डॉक्टरकडे न्या, एवढंच ती बोलली.

दाढींचं म्हणणं, आजपासून गुपचूप दुरुस्त करू, मागचं उकरू नका, वर्धापनदिन तोंडावर आलाय. तिनं ते ऐकून घेतलं, कागदावर तीन वाक्यं लिहिली आणि तडक मेकअपच्या खोलीत गेली. निवेदिका तिसरं जॅकेट उतरवत होती. कागद वाचून ती खाली बसली.

"माझ्या तोंडून चार दिवस हे चाललंय?"

"चार दिवसांचं कळलंय. ओळ दोन वर्षं चाललीय."

निवेदिकेनं कागद जसाच्या तसा वाचला: गेले चार दिवस आम्ही पाणी चांगलं असल्याचं सांगितलं. ते न तपासता सांगितलं होतं. पाणी उकळूनच प्या.

पण रेकॉर्ड झालं म्हणजे दिसेलच, याची काय खात्री? बातमीपत्र जोडणाऱ्याच्या शेजारी तिनं खुर्ची ओढली. पाय घराकडे ओढ घेत होते, तरी चहालाही उठली नाही. वहिनी, माझ्यावर विश्वास नाही का, असं त्यानं हसत विचारलं. नाही, ती म्हणाली. सातला तीनही वाक्यं गेली आणि दाढींच्या केबिनचं दार आपटलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. औषध दिलंय, बाळ झोपलंय, घाबरण्यासारखं नाही म्हणाले डॉक्टर. मग आवाज खाली आला.

"ऐकल्या तुझ्या बातम्या. पण चार दिवस खोटं बोलले, ते आज खरं बोलतायत कशावरून?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूबाईंचं बोलणं याआधी कधी इतकं पटल्याचं तिला आठवत नव्हतं.