सुभेदाराची तसबीर

मी बोलतेय, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली तसबीर. आवाज दमलेला वाटेल, सांभाळून घ्या.

माझ्यात बसलाय तो मुघलांचा सुभेदार. साडेतीनशे वर्षांपूर्वी खानदेशात त्याने नदीवर पूल बांधला, वाटसरूंसाठी सराई उभारली. चित्रकारासमोर मेला क्षणभर स्वस्थ बसेना. मधेच उठायचा, चुना नीट मळला नाही म्हणून गवंड्यांवर खेकसायचा. त्यामुळे माझा डावा खांदा जरा वाकडाच उतरला.

मालक बदलत बदलत मी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांशेजारी येऊन पडले. तिथून १९७४ साली मनोहरने मला उचललं. बोर्डिंगात वाढलेला पोरका मुलगा, बँकेत नुकताच चिकटलेला. मुलीकडचे घर पाहायला येणार होते आणि घराणं विचारणार, हे ठरलेलंच. त्याने मला भिंतीवर टांगलं. "आमचे मूळपुरुष," म्हणाला. पागोटं, तलवार पाहून मंडळी खूश. लग्न जमलं.

तेव्हापासून दर पितृपक्षात मला हार आणि खिरीचा नैवेद्य. नको नको व्हायचं. माझ्या पायाशी फारसीत एक ओळ आहे. ती कुणी वाचली तर आपलं पितळ उघडं पडेल, या धास्तीत मनोहर जगला. बायको गेली, मुलाने त्याला सिंगापूरला आणलं, तरी धास्ती सुटली नाही.

परवा नात क्षिप्राने शाळेसाठी वंशवृक्ष काढला. सगळ्यात वर माझा फोटो चिकटवला. नाव हवं म्हणून तिने फारसी येणाऱ्या शेजारच्या रिझवी अंकलना घरी बोलावून ती ओळ दाखवली.

"ये तो मुग़ल सूबेदार हैं, बेटा," ते म्हणाले. "पुल और सराय बनवाने वाले."

ते गेल्यावर सून नीलिमा हसली. "आबा, काहीतरी घोटाळा झालाय ना?"

"घोटाळा नाही ग. मी ही विकत आणली." मनोहर म्हणाला. "माझे आईवडील कोण, मलाच माहीत नाही. तुझ्या सासूबाईंनाही सांगायचा धीर झाला नाही."

नीलिमा उठली. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. क्षिप्राने माझा फोटो सोलून काढला आणि त्या जागी 'मनोहर' लिहिलं.

"वर कुणीच नाही?" त्याने विचारलं.

"नो नीड लाह, आबा," ती इथल्या सिंगापुरी हेलात म्हणाली. "यू स्टार्ट. तुमच्यापासूनच सुरू."

म्हातारा लहान मुलासारखा रडला. मलाही भरून आलं.

आता एवढंच करा, मला खाली उतरवा. बेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या बापाची जागा अडवून बसलेय, थकलेय हो.