मोहराच्या सालचा भाव

हौसाबाईचे वडील वाशीमच्या बाजारातले आंब्याचे व्यापारी. झाड कायमचं विकत घ्यायचं झालं की म्हातारा मालकाला एकच गोष्ट विचारी, मागच्या पाच सालांत माल किती निघाला? आंबा मोठा लहरी. एका साली फांद्या मोडेस्तोवर लगडेल, दुसऱ्या साली तोंड फिरवून बसेल. म्हणून पाची सालांची सरासरी काढायची आणि झाड किती सालांत आपली किंमत फेडतं ते बोटांवर मोजायचं. ही विद्या त्यानं दोन्ही लेकरांना दिली, हौसाला आणि थोरल्या उत्तमरावाला.

नवरा गेल्यावर हौसाबाईनं रिठदला खंडानं घेतलेल्या मळ्यात वांगी-मेथी पिकवून सहाशे चाळीस रुपये गाठीला बांधले. तोच मळा विकत घ्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सन पंचेचाळीसच्या भाऊबीजेला उत्तमराव आला. ओवाळून झाल्यावर म्हणाला, “अकोल्याच्या एका बँकेचे शेअर भेटून राह्यले. एकशे साठले एक. मळा काही आताच विकत नाही तो मालक. पैसे कायले निजवून ठेवतं?”

“किती सालात फिटते?”

“शेअरमांगं वीस रुपये नफा झाला औंदा. आठ सालात फिटते.”

आठ सालांत फिटणारं झाड कोण सोडतं? तिनं चार शेअर घेतले, गाठ रिकामी केली. पाची सालं विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

दीड वर्षानं मालकानं मळा विकायला काढला. शेअर विकू म्हटलं, तर सत्तरच्या वर कोणी बोलेना. बाई घाबरली. कागद घेऊन ती गावच्या शाळेतल्या रामधन मास्तरांकडे गेली. मास्तरांनी बँकेचे जुने अहवाल मागवून वाचून दाखवले. वीस रुपये नफा खरा होता, पण त्या एकाच साली. तेव्हा बँकेनं आपली इमारत विकली होती, तोच पैसा नफ्यात धरलेला. आधीच्या चारही साली नफा पाच-पाच रुपये.

पाची सालांचे चाळीस, म्हणजे सालाचे आठ. एकशे साठ फिटायला वीस सालं!

“अन् बाई,” मास्तरांनी शेअरचा कागद पालटला, “मांगं घेनाराचं म्हून तुमचं नाव हाय. पुढं पयल्या मालकाचं. हे उत्तमराव कोन?”

तशीच तरातरा ती वाशीमला भावाच्या दारी गेली. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

“दादा, शेअर तुझेच होते?”

अडकित्ता थांबला. तो खजील होईल, निदान खाली तरी पाहील असं तिला वाटलं होतं. पण हा पठ्ठ्या उलट तिच्यावरच उखडला.

“भाव पडनार होता, मंग का मी बुडू? अन् हिशेब तुलेही येते. बाबानं दोघाईले शिकवला. पाची सालं काहून नाही विचारली?”

हौसाबाईला रडू फुटलं.

“दुसऱ्या कोनाले विचारली असती, दादा. तुले कायले विचारू?”