जखम नसलेली गुठळी

"बसून खाल्लं की असंच होतं," माझे थोरले दीर दवाखान्याच्या बाकावर ऐसपैस बसून सांगत होते. सांगणारा कोण, तर आयुष्यभर गल्ल्यामागची खुर्ची न सोडलेला माणूस! काचेचं दुकान यांच्या नावावर आणि काच कापायला उभा कोण, तर माझा नवरा. रक्ताची गुठळी झाली ती उभ्या राहणाऱ्याच्या पायात. देवाघरचा न्याय, दुसरं काय.

"दादा म्हणतो तेही असेल," हे म्हणाले. "जाऊ दे."

या 'जाऊ दे'ची मला शिसारी आहे. यांच्या बापाचं घर दिरांनी एकट्यानं घशात घातलं, तेव्हाही हेच. माणूस आहे की मातीचा गोळा?

गुठळीला कारण सापडत नव्हतं. पडले नाहीत, ऑपरेशन नाही, घराण्यात कुणाला नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. तोवर काचेला हात लावायचा नाही, कापलं तर रक्त थांबणार नाही. हे दुकानात नुसती झाडलोट करत. गोळ्या बंद करता येतील का, ते आज ठरणार होतं. बाकीचे रिपोर्ट बरे होते, आता प्लेटलेट तपासायच्या होत्या.

प्लेटलेट डिवचायच्या नाहीत म्हणे, म्हणून नर्सनं दंडाला पट्टा न बांधता हळूच रक्त काढलं. पहिली नळी टाकून दिली, दुसरी माझ्या हातात ठेवली. "वरच्या मजल्यावर लॅबमध्ये द्या. हलवू नका."

वरची खिडकी जेवणासाठी बंद. माझी दुधाची डेअरी. नासणारी वस्तू हातात आली की मला दुसरं काही सुचत नाही. खालच्या सरबतवाल्याकडून पेलाभर बर्फ आणला आणि नळी त्यात उभी केली. वर मनात म्हणाले, या शिकलेल्यांना एवढीही अक्कल नाही.

खिडकी उघडली आणि आतली बाई किंचाळलीच. "बर्फात? अहो बाई, गारठ्यानं प्लेटलेट जाग्या होतात! आता यात काय तपासू, कपाळ?"

मी ओशाळले. ते दिसू नये म्हणून यांच्यावरच खेकसले, "तुम्हाला सांगता आलं नाही?"

"मला तरी कुठं ठाऊक? जाऊ दे," म्हणत यांनी दुसरी बाही वर केली. या वेळी नळी नर्सनं स्वतः नेली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. दीरही मागून घुसले.

"प्लेटलेट जाग्याच आहेत," त्या म्हणाल्या. "जखम झाली की त्या जाग्या होऊन एकमेकींना चिकटतात, रक्त थांबवतात. यांच्या अंगात जखम कुठंच नाही, तरी जखम असल्यासारख्या धावतायत."

"मग गुठळी त्यांनीच केली?"

"तसं छातीठोक सांगता येत नाही. गुठळीमुळेही त्या अशा झाल्या असतील. अजून कळायचंय."

एवढी बुकं वाचून 'अजून कळायचंय'! मी चिडून विचारलं, "आतल्या आत सोसलं की होतं का असं?"

"नाही हो. स्वभावाचा इथं काही संबंध नाही." त्यांनी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. "या चालू ठेवायच्या. काच आता विसरा."

त्या म्हणाल्या तेच खरं असेल. मी मात्र यांच्याकडे बघतच राहिले. जखम नाही म्हणे!

बाहेर आल्याबरोबर दीर म्हणाले, "मग उद्यापासून कापायच्या टेबलावर दुसरा माणूस लावतो. तू घरी आराम कर."

यांनी सदऱ्याच्या खिशातून काच कापायची हिरकणी काढली. दुकानाला लागताना स्वतःच्या पैशानं घेतलेली, मूठ झिजून यांच्या बोटांच्या आकाराची झालेली. रुमालानं पुसली आणि दिरांच्या तळहातावर ठेवली. "धार आहे अजून. तिरकी धरू नको म्हणावं त्याला."

"बरं," म्हणत दीर ती खिशात घालायला निघाले. मी त्यांचं मनगट धरलं. थोरल्या दिरांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता.

"भाऊजी, टेबल तुमचं. ही यांची." हिरकणी मी काढून घेतली.

दिरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी यांच्या 'जाऊ दे'ची वाट पाहत उभी राहिले. गोळ्यांमुळे सुईच्या जागेवरचा कापूस अजून लाल होत होता, तो यांनी अंगठ्यानं दाबून धरला होता.

'जाऊ दे' आलं नाही. दुसऱ्या हातानं यांनी सदऱ्याचा खिसा उघडून माझ्यापुढे धरला.