पिशवीसकट लावलेली झाडं

एकशेवीस रोपं लावून झाली, टाळ्या झाल्या, पाहुणे गाड्यांत बसले, आणि माझं पातं मात्र कोरडं ठणठणीत होतं. ना माती, ना काळ्या प्लॅस्टिकची एखादी चिंधी. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कलमाची सुरी. रोपाची पिशवी फाडायची ती मीच. मग ही एकशेवीस रोपं पिशवीतून बाहेर आली कशी?

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून झाला. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, लाकडी मुठीत मिटायला शिकवलं आणि रोपवाटिकेतल्या आबांच्या हातात दिलं. आबा कलमं बांधणारे जुने कारागीर. तीस वर्षं मी त्यांच्या खिशात काढली. ते माणसांशी फारसं बोलत नसत. झाडांशीही बोलत नसत, ही मोठीच गोष्ट. झाडांशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पाणी घालायच्या वेळी त्यांतलं एकही हजर नसतं.

पुढे रोपवाटिकेत प्रशिक्षण सुरू झालं. शेतात पिकांच्या मधोमध झाडांच्या ओळी कशा लावायच्या, सावली किती ठेवायची, कोणती फांदी कधी छाटायची, हे शिकायला अठराजण आले. प्रशिक्षण घेणाऱ्या साहेबांनी फळ्यावर व्याख्या लिहिली. अठराजणांनी ती तीन-तीन रंगांत उतरवून घेतली. व्याख्येने आजवर एक काडी छाटलेली माझ्या पाहण्यात नाही.

आबांनी वह्या मिटायला लावल्या आणि आठ दिवस नुसत्या काड्या तासायला दिल्या. एकाने पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं आणि मलमपट्टीच्या आधी त्याचा फोटो काढला. दुसरा म्हणाला, "आबा, हे सगळं मशीनने होत नाही का?" आबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो उरलेले सात दिवस मशीनसारखा तासत राहिला.

त्या अठरांत एक कॉलेज शिकलेली मुलगी होती. बरोबरचे तिला दचकी म्हणत, आणि नाव अगदी शोभायचं. बादलीची कडी पडली की दचकणार, बेडूक उडाला की दचकणार, स्वतःचा फोन वाजला तरी दचकणार. मला तर तिची कीवही येत नसे, नुसता वैताग यायचा.

"हात कापतोय तुझा," आबा म्हणाले.

"मला भीती वाटते, आबा."

"मग भीत भीत काप. पण काप."

आणि कापलं तिनं. काप सरळ, पातळ, एका ओढीत. बाकीच्या सतराजणांनी आठ दिवसांत नुसता भुसा पाडला होता. शेवटच्या दिवशी आबांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. "माझी नजर गेली आता. ही तू वापर. आणि एक ध्यानात ठेव. रोप लावताना आधी पिशवीचा तळ बोटभर कापायचा. मुळं तिथं वेटोळं घालून बसलेली असतात. मग पिशवी उभी चिरायची, काढायची. तसंच ठेवलंस तर झाड लावलं नाहीस, पुरलंस."

गेले मी कामातून, असं मनात म्हणत मी तिच्या खिशात गेले.

लागवडीला शेत दिलं होतं ते एका काकूंनी. नवरा गेल्यापासून एकट्याच राबायच्या. दिराला ते शेत वीटभट्टीला द्यायचं होतं. काकूंनी त्याला निक्षून सांगितलं होतं, "दोन महिने थांबा, भाऊजी. झाडं धरली तर शेत राहील. नाही धरली, तर तुमची भट्टी आणि तुम्ही." दीर हसला होता. असं हसणारी माणसं मला पुरती ठाऊक आहेत. दुसऱ्याचं बिघडण्याची वाट बघणं हाच त्यांचा पूर्णवेळ धंदा.

लागवडीच्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला आणि साहेबांना घाई. दचकीने मला उघडलं, पहिल्या पिशवीला लावलं, तेवढ्यात साहेब वसकले, "ती सुरी आत ठेव गं! फोटोत बरी दिसते का? पिशव्यांचं नंतर बघू."

"पण साहेब, मुळं..."

"मुळं कुठे पळून जाताहेत? लाव, लाव."

तिनं मला मिटलं. साठ रोपं तिच्या ओळीची, साठ दुसऱ्या ओळीची, सगळी पिशवीसकट खड्ड्यात गेली. वर माती, मातीवर टाळ्या. 'नंतर बघू' म्हणणारे साहेब नंतर कधी दिसले असतील, तर मला सांगा. आणि सतरा शहाणे? आठ दिवस आबांच्या हाताखाली बसलेले! एकाचीही जीभ रेटली नाही. मीही खिशात गपचूप पडून होते, ते वेगळंच.

नवव्या दिवशी दचकी रोपं बघायला आली, तेव्हा काकू तिला म्हणाल्या, "रोज पाणी घालते गं, तरी पानं माना टाकताहेत. माझंच काही चुकतंय का?"

काकू घरात गेल्यावर तिनं एक रोप उकरलं. मला उघडलं. तळ कापला, पिशवी चिरली. मुळं बांगडीसारखी गोल फिरून एकमेकांत गुंतली होती. तिनं ती हळूच मोकळी केली, टोकं छाटली, रोप परत लावलं. दुसरं. तिसरं. तासाभरात तीन झाली. एकशे सतरा राहिली, आणि ऊन काही कुणासाठी थांबत नाही.

तिनं आबांना सात वेळा फोन लावला. आबांचा फोन म्हणजे रोपवाटिकेत खताच्या पोत्याखाली पडलेलं एक खेळणं. साहेबांनी उचलला नाही. वर टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं एक चित्र पाठवलं. प्रशिक्षणातल्या सोबत्यांना निरोप धाडले, तर एकाला ताप होता, एक लग्नाला गेला होता, बाकीच्यांना वाचूनही दिसलं नव्हतं.

बांधापलीकडे काकूंचं घर. दारात दिराची मोटरसायकल उभी. इथून ओरडायचं म्हणजे झाडं बिघडल्याचं त्यालाही कळणार. गप्प राहायचं म्हणजे रोपं मरणार आणि दोष काकूंच्या पाण्याला. तिनं मला तीनदा मिटलं, तीनदा उघडलं.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही पण कुठे ना कुठे टाळ्या वाजवता. वाजवण्याआधी एकदा खाली वाकून बघत जा. एवढंच मागणं आहे. कुणी ऐकेल अशी आशा मला नाही.

"काकू," ती म्हणाली. तेवढ्या आवाजाने चिमणीसुद्धा उडाली नसती.

मग तिनं डोळे मिटले आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "काकू! झाडं पिशवीसकट लावलीत! मीसुद्धा लावलीत! तुमचं पाणी चुकलं नाही!"

मोटरसायकलीजवळ कुणीतरी खाकरलं, मग हसलं. ती तिथंच उभी राहिली, पळाली नाही.

दार उघडलं. काकू उंबऱ्यावर आल्या, एकदा दिराकडे पाहिलं, एकदा शेताकडे, आणि पदर खोचत तिकडूनच विचारलं, "कुदळी किती आणू?"